उन्हात ठेवा

पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी
आरवाड्यांच्या पेढीवरनं माणूस आला :
मातीचं काम हाय, कुंभारच पायजे.

वखारीत अजून घोटाभर गाळ.
पोती फुटून हळद पाण्यात, पाणी भिंतीत,
आणि टेबलावर पुसून ठेवलेली ती,
छातीपर्यंतच बाई.
दंड नाहीत. केस वर चढवलेले.
ओठ असे, की आत्ता काहीतरी टोचून बोलेल.
डावा गाल पिवळाधमक.

"फ्रान्सची आहे," भूपालअण्णा म्हणाले,
"आजोबांनी लिलावात घेतली. अडीचशे वर्षांची."

मी आधी वाजवून बघितली,
खांद्यापाशी, बोटाच्या पेरानं,
रांजण घेताना वाजवतात तशी.
खणखणीत.
ओल पुरती मरू देऊन भाजलेली.
चार दिवस कृष्णेत बसून विरघळली नाही.
आमच्या गल्लीत दीडशे गणपती
पाटावरच परत चिखल झाले.
कित्येकांच्या डोळ्यांची आखणीसुद्धा झाली होती.

उलटी केली. आत पोकळ.
भट्टीत तडकू नये म्हणून मागून माती उकरलेली.
बाहेर पापणीची घडी, गळ्याची लव,
आणि आत नुसते बोटांचे ओरखडे,
आमच्या चुलीच्या पोटात असतात तसले.
तेवढ्यापुरता तो माणूस ओळखीचा वाटला.

पद्मलवहिनी दारातनं म्हणाल्या,
"हळद लागलीय तिला. काढता कशाला?"
अण्णा हसले नाहीत.
विम्यात ती बाई बसत नव्हती, हळदही नाही.

म्हटलं, साबण नको, लिंबू नको.
घासाल तर आत मुरेल.
हळदीला औषध एकच.

मग गच्चीवर, भिजलेल्या वह्यांच्या रांगेत,
गाल उन्हाकडे करून आठ दिवस ती बसली.
ढग आले की नोकर तिच्यावर घमेलं पालथं घालायचा.

रंग गेला. कानामागं, बटेच्या सावलीत
नखाएवढा राहिला.
मी बोललो नाही, त्यांनी बघितलं नाही.
मजुरी दोनशे. शाडूचं पोतं त्याहून महाग झालंय.

उरलेल्या दिवसांत एकवीस मूर्ती उठल्या.
त्यातल्या एकीचे ओठ
सोंडेखाली जरा टोचून बोलल्यासारखे झाले.
पुसून पुन्हा करायला वेळ नव्हता.

गिऱ्हाइकानं उचलून घेतली,
रुमाल टाकला,
मोरया म्हणत नेली.