मागे, डावीकडे

लेस्टर व्हॅन वीने कार्ट्रिज माझ्या तळहातावर ठेवलं,
तांदळातला खडा काढून दाखवावा तसं.
"बघ गं, हिचं काय बिनसलंय."
स्केनेक्टडीत मार्च, अंगणात मळकं बर्फ.
तळघराच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर
आणि मधोमध एकच खुर्ची.

मी इस्पितळात सोनोग्राफी करते.
ऐकू न येणाऱ्या आवाजावर माझं पोट चालतं,
एवढ्याच भांडवलावर त्याने मला बोलावलं होतं.
ह्या तबकड्यांचंही तसंच, तो म्हणाला,
मागच्या दोन कोपऱ्यांचं गाणं
तीस हजार कंपनांच्या पाठीवर बसवलेलं असतं.
आपल्याला ती कंपनं ऐकू येत नाहीत.
सुईच्या हातून ती निसटली
की मागे उरते नुसती चरचर,
फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यासारखी.

तीच चरचर होती.
भिंगाखाली टोकाला पन्नास वर्षांचं लव चिकटलेलं.
स्पिरिटने पुसलं, मागून पुढे, कधीच उलटं नाही.
मागच्या चार पिना काळ्या पडल्या होत्या, त्या घासल्या.
भार दोन ग्रॅम. मग पाव ग्रॅम कमी. मग पुन्हा दोन.
तरी डब्यावरचा लाल दिवा
लागायचा, विझायचा, लागायचा,
खोटं बोलणाऱ्या मुलाच्या पापण्यांसारखा.

मी म्हटलं, रबर वाळलंय, सुईचा गुडघा धरलाय.
टोलेडोहून नवं टोक मागवलं.
पैसे देताना लेस्टरने नोटा दोनदा मोजल्या
आणि मग पाकीट माझ्याकडे पाठ करून खिशात टाकलं.

चाचणीच्या तबकडीवर एक माणूस आहे.
कधीचा मेला असेल. शर्टाला इस्त्री असणार, असा आवाज.
तो एकेका कोपऱ्यात जाऊन उभा राहतो
आणि आपण कुठे आहोत ते सांगतो.
पुढे, डावीकडे.
पुढे, उजवीकडे.
मागे, उजवीकडे. हा आला! लेस्टरने मांडीवर थाप मारली.
मग चरचर.
मग तबकडी संपल्याचा टक, टक, टक.

तीन रविवार गेले असे.
चौथ्या रविवारी मी कपाट ओढलं
आणि मागे डाव्या तारेचं हे एवढं भेंडोळं निघालं,
मध्ये दोन रंगांची गाठ, वर पिवळी पडलेली चिकटपट्टी.

"प्रेत्झेल," लेस्टर म्हणाला. "आमचा कुत्रा.
तबकडी लागली की सुईजवळ येऊन गुरगुरायचा.
एकदा तारच चावली त्याने.
मी घरात होती ती जोडली, उरलेली गुंडाळून ठेवली.
चांगली तार कोण कापतं?"

तार जितकी लांब, तितकी ती वरचे सूर पिऊन टाकते.
हे मी त्याला सांगितलं.
तो गाठीकडे बघत राहिला.
"म्हणजे ऐकत होता फक्त तोच," म्हणाला,
"आणि मी त्यालाच ओरडलो."

हातभर तार, नवी, बारीक. डाग मी दिला.
लाल दिवा लागला. लागून राहिला.
पुढे. पुढे. मागे.
आणि मग माझ्या पाठीशी, अगदी खांद्यावर हात ठेवल्यासारखा,
मागे, डावीकडे.

मी वळून बघितलं. लेस्टर खुर्चीत तसाच.
"आला का?" त्याने विचारलं.

तेव्हा मला कळलं, की तो नेहमी
माझ्या डाव्या हाताला का चालतो.
टर्बाइनच्या शेडमध्ये एकतीस वर्षं,
यंत्राकडे डावा कान करून.

"आला," मी म्हटलं.
त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास असावा.
पण मग उठला, खुर्चीचे दोन्ही हात धरले,
फरशीवर करकर ओढत
ती पूर्ण उलटी फिरवली,
पुढच्या स्पीकरांकडे पाठ करून बसला

आणि म्हणाला,
सुई परत सुरुवातीला ठेव.