हाफ क्लच

गाडी पिवळी. दोन दारांची,
पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी.
साखर कारखान्यातल्या कुणाच्या तरी पोरानं हौसेनं घेतली,
आठ महिन्यांत कंटाळून विकली.
घेतली मी. टॉवेलच्या कारखान्यात
एकवीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब लिहून साठवलेल्या पैशांत.
नवरा भोवतीनं एक फेरी मारून म्हणाला,
"आणि मागं बसायचं कुणी?"
म्हटलं, कुणीच नाही.

शिकवायला दस्तगीरमामा.
चौतीस वर्षं एसटी, सोलापूर–गाणगापूर.
आत बसले तर गुडघे हनुवटीला.
"ही गाडी हाय का चप्पल, अक्का?"
मग गिअरच्या दांड्याकडे बघून एकदम गप्प.
एवढासा. मुठीत मावणारा.
त्यांच्या बसचा म्हणे काठीएवढा होता,
पावसाळ्यात दुसरा गिअर
शिवी दिल्याशिवाय पडायचा नाही.

रविवारी सकाळी सहाला
अक्कलकोट रोडची एमआयडीसी.
शटरं खाली, कुत्री रस्त्याच्या मधोमध,
चहाच्या गाड्यावर अजून जाळ नाही.
पहिल्या तासात सतरा वेळा बंद पाडली.
मोजलं, कारण मोजायची सवय.
"पाय हळू उचला. दुधावरची साय काढल्यागत."
अठरा.
"ढवळू नका ओ, पिठलं हाय का ते?"
एकोणीस.
मागाचा धागा तुटला की माग थांबतो,
कुठं तुटला ते बोटाला सापडतं.
इथं काय तुटतं तेच कळेना.
नुसता एक गचका, आणि लाल दिवा,
आणि कुत्र्यांची दया.

नायना खड्डा मागावर विणायचे.
त्यांचे पाय कामात असताना मी कधी पाहिलेच नाहीत.
कमरेपासून वरचा माणूस तेवढा दिसायचा,
खाली अंधारात काय चाललंय
ते कापडावर उमटल्यावर कळायचं.
चौथ्या रविवारी स्टेअरिंगखालच्या तसल्याच अंधारात
माझ्या डाव्या पायाला काहीतरी लागलं.
दणका नव्हता तो. कुरकुर.
गाडीनं नाक किंचित वर केलं,
जाऊ का, असं विचारल्यासारखं.
"हां," मामा म्हणाले. "आता तिथंच ऱ्हावा.
ब्रेक नको, रेस नको. नुसतं ऐका."
किती वेळ ऐकलं कोण जाणे.
अशी मध्येच थांबायची परवानगी
मला कुणी दिली नव्हती आजवर.

मग आसऱ्याचा पूल.
चढावर सगळं तुंबलेलं,
पुढं रिक्षा, मागं उसाचा ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या, आणि त्यावर ढणाढणा गाणं.
आरशात नुसता ऊस.
मामा काहीच बोलेनात.
(नंतर म्हणाले, मला बी भ्या वाटलं.)
हँडब्रेक. पहिला. ती कुरकुर शोधली,
सापडली, हरवली,
गाडी टीचभर मागं गेली,
ट्रॅक्टरवाल्यानं आई काढली,
परत सापडली.
आणि आम्ही वर.
इतकंच. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
माझी साडी मात्र पाठीला पूर्ण चिकटलेली,
डिसेंबरात.

पूल उतरून विमानतळाच्या भिंतीशेजारून
दुसरा, तिसरा.
पहिल्यांदाच इंजिन मोकळ्या गळ्यानं बोललं.
कुणीतरी आठ महिन्यांत का कंटाळावं याला?
मामांची मान खिडकीवर कललेली.
चौतीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीत डोळा लागला नाही,
असं सांगणारा माणूस, घोरत.
पण मी गिअर बदलला की
झोपेतच त्यांचा डावा पाय
खालचं मॅट दाबायचा.
मी दाबते, ते दाबतात.
मी सोडते, ते सोडतात.

घराकडचं वळण दिसलं.
हिशोबानं तिथं वळायला हवं होतं.
चौथा टाकला तेव्हा
त्यांचा पाय हलला नाही.