पाच-सात

कर्कबी स्टीफनच्या चढावर गाडीनं मान टाकली,
जून महिना, आणि वेपरायझरवर बर्फ.
विद्याधर म्हणाला, पाच-सात मिनिटांचं काम आहे.

हे तो दोन हजार सहापासून म्हणतोय,
त्या वर्षी त्यानं डिकीत गॅसची टाकी बसवून घेतली
आणि दुधाच्या बिलामागे हिशेब मांडला :
अठरा महिन्यांत पैसे वसूल.
हिशेब चोख होता.
गाडीला तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

आता पाठ त्याला वाकू देत नाही.
तो स्टुलावर बसून टॉर्च धरतो,
नेमका माझ्या डोळ्यांत,
आणि तेलकट पुस्तकातला परिच्छेद मोठ्यानं वाचतो,
पान उलटायच्या आधीच पुढचं सांगतो, चुकीचं.
मी पुठ्ठ्यावर उताणी. केसांत गंज.

पेनरिथचा गॅरेजवाला ‘गॅस’ ऐकताच हात झटकतो.
हमरस्त्यावरचा पंपही काढला;
आता टाकी भरायला तीस मैल जायचं,
भरलेल्यातलं घरी पोचेपर्यंत बरंच संपवायचं.
विकून टाका, मुलगी म्हणते लीड्सहून.
कोण घेणार, आम्ही म्हणतो,
जरा जास्तच लवकर.

एकतीस वर्षं कार्लाइलला मी माणसांना भूल दिली.
तिथेही हाताशी एक वेपरायझर असे,
लखलखीत, तारीखवार तपासलेला.
द्रवाचा वायू व्हायचा तर ऊब लागते,
ती कुणाकडून तरी घ्यावी लागते.
हा इंजिनाच्या गरम पाण्याकडून घेतो,
आणि पाणीच कमी.
खाली थेंब नाही.
मग आत जातंय, मी म्हटलं,
आणि माझा आवाज मला ओळखीचा वाटला,
पडद्याबाहेर नातेवाईक उभे असतानाचा.

दुसऱ्या शनिवारी नोरीन ऑल्डरसन आली,
पूर्वी खाणीच्या ट्रकांवर फिटर, आता साठ मेंढ्या.
टॉर्क मोजायचा पाणा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून,
तान्ह्या मुलासारखा.
आम्ही दोघींनी डावं हेड उचललं.
पाच आणि सातच्या मधे गास्केट जळलेलं,
करंगळीच्या नखाएवढं.
सगळे पिस्टन काजळलेले,
सातवा तेवढा लख्ख, वाफेनं धुतलेला.
सगळ्यात स्वच्छ तोच आजारी,
नोरीन म्हणाली, आणि चहात तिसरा चमचा साखर घातली.

तिसरा शनिवार. बोल्ट आतून बाहेर, क्रमानं,
आधी थोडे, मग आणखी, मग अंशाअंशानं.
विद्याधर आकडे सांगत होता.
पेट्रोलवर सुरू झाली, खोकत.
असू दे, नवीन आहे, तो म्हणाला.
खटका वाजला, गॅसवर गेली,
आणि धडाम्‌.
हवेच्या फिल्टरचं झाकण कुंपणापलीकडे,
त्याच्या मागोमाग मेंढ्या,
मेंढ्यांच्या मागोमाग नोरीन, हसत.

स्पार्क प्लगच्या तारा मी उलट लावल्या होत्या.
कुठल्या, विद्याधरनं विचारलं.
पाच-सात, मी म्हटलं.
इतक्या? त्याचा टॉर्च हलला.
नाही रे. पाचवी आणि सातवी.

एकतीस वर्षं दुसऱ्यांना दिली, आज स्वतः केली,
असं तो म्हणणार, हे मला दिसत होतं.
म्हणाला नाही.
स्टुलावरून उठला, पाठीचा आवाज झाला,
आणि ओणवा होऊन त्यानं तारा स्वतः बदलल्या,
जिभेचं टोक ओठांत धरून.

झाकणाला चिकटपट्टी. पुन्हा किल्ली.
मी तळवा वेपरायझरवर ठेवला.
गार. अजून गार.
टेकडीमागे ऊन उतरत होतं, नोरीन अभ्रा घडी करत होती.
तापला का?
कोमट.
खटका मारू?
थांब, मी म्हटलं. हात काढला नाही.