खंडेनवमीची प्रत

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत निगवेकरांच्या माडीवर
मी पोचलो, तेव्हा पडदा लालभडक,
वर एक घड्याळ उलटं चाललेलं :
पैसे भरा, नाहीतर फायली विसरा.

हौसाकाकू म्हणाल्या, "लाईट बिल माफ, असं आलंतं बघ.
दाबलं.
दारात कोण आलं तर आधी पाणीच देतो की आपण."
मशीनही याच घरातलं.
नाही म्हणायला शिकलंच नव्हतं.

वायर उपटली. अपडेट तीन वर्षांचे तुंबलेले,
पासवर्ड भिंतीवर, दूधवाल्याच्या नंबराखाली.
मी सवयीनं बडबडत राहिलो, हे उघडू नका, ते दाबू नका,
आणि उगीच विचारलं, "प्रत हाय का कुठं?"

त्यांनी पान्यांचा डबा काढला.
ग्रीसच्या वासात एक हार्ड डिस्क,
तिच्यावर कुंकू वाळलेलं.
काका खंडेनवमीला हत्यारं पुजायचे :
व्हर्नियर, टॅप, डाय, शेवटी कॉम्प्युटर.
पुजेआधी त्यातलं सगळं हिच्यात उतरवायचे.
म्हणायचे, हत्यार पुसल्याबिगर फूल वाहायचं नसतं.

रात्री नऊला फोटो परतले.
जोतिबाचा गुलाल. पहिल्या लेथपुढं पेढे.
बुलेटवर दोघं, मागं रंकाळा हललेला.
शेवटची तारीख तीन वर्षांमागची.

"पुढचं गेलं, काकू."
त्या बशी पुसत होत्या.
"जाऊ दे. त्यात ते न्हवतेच."

मी जिना उतरताना वरून हाक आली,
"औंदा नवमीला ये रं.
ते उतरवायचं कसं, तेवढं दाव मला."