खड्ड्यातली धावपट्टी

दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.
दिवसा या कॉम्प्युटरवर फ्लेक्स होतात,
बारसं, दहावा, हार्दिक अभिनंदन
आणि वाढदिवस, वाढदिवस, वाढदिवस.
रात्री मी मुंढ्याच्या धावपट्टीवरून
चार सीटचं विमान काढतो
आणि सहा मिनिटांत कंटाळतो,
कारण खाली कऱ्हाड नसतंच.
हिरवट सतरंजी असते, कुठं कुठं चुरगळलेली.
आगाशिव म्हणजे सतरंजीखाली राहिलेला रुमाल.
सदाशिवगडाचा तर पत्ताच नाही.

म्हणून हे नवं आणलं :
सह्याद्री, पाच-पाच मीटरवर मोजलेला,
एकेचाळीस जीबी.

डिस्कवर जागा नव्हती.
जुन्या फाइली उघडून बसलो.
काळे गॉगल, जोडलेले हात, मागं डरकाळणारा वाघ.
तीन भावी आमदार पुसले,
एक युवा हृदयसम्राट, अख्ख्या मित्रमंडळासकट,
तेव्हा कुठं आगाशिव मावला.
सदाशिवगडासाठी एका लग्नाचा अल्बम घालवला.
तसंही त्यांचं दिवाळीपर्यंतच टिकलं होतं.

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर लाईट गेली.
इन्व्हर्टर कोंबडीच्या पिलासारखा ओरडत राहिला
आणि मी पंखा बंद करून, ट्यूब बंद करून
डोंगरांना वीज वाचवून दिली.

दीडच्या सुमाराला शटरखालून टॉर्च आला,
मागोमाग वाकून आबा.
जेवायला का आला नाहीस, एवढंच विचारायला.
मग स्टूल ओढून बसले.

बाहेर रात्र, पडद्यावर मी सकाळ लावली.
आगाशिव उभा राहिला,
घळीसकट, सोंडेसकट, लेण्यांच्या बाजूच्या सावलीसकट.
उत्तरेकडून कृष्णा, पश्चिमेकडून कोयना,
एकमेकींच्या तोंडावर चालून आलेल्या.
आबा काही बोलले नाहीत. मफलर मात्र काढला.

फक्त आमचं विमान दिसेना.
शोधलं तर खड्ड्यात होतं.
सगळी जमीन उठून आपापल्या उंचीवर गेली होती
आणि धावपट्टी जुन्या आकड्यावरच पडून,
चारी बाजूंनी गवताच्या सरळसोट भिंती,
जसं कुणी विहीर खणून तळाला डांबर ओतावं.

"बेंचमार्क कुठला धरलाय?" आबांनी विचारलं.
म्हटलं, उपग्रहावरून मोजलंय, वरून.
"वरनं मोजलं, बरं. मग खाली स्टाफ कुणी धरला हुता?"

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात खलाशी.
इंगवले साहेब दुर्बिणीला डोळा लावायचे
आणि आबा लांब, चढावर, काट्यात,
चार मीटरची पट्टी उभी धरून.
"जुन्या दुर्बिणीत मानूस उलटा दिसतो, ठावं हाय?
खाली डोकं, वर पाय.
साहेबानं मला सुलटा बघितला त्यो पगाराच्या दिवशी."

मग त्यांनी आकडा सांगितला,
नाक्यापलीकडच्या मोरीच्या दगडावर कोरलेला,
तीन दशांशांपर्यंत,
देवाचं नाव घ्यावं तसा नव्हे,
उसाच्या बिलाचा सांगावा तसा.
तिथून धावपट्टीचा चढ-उतार बोटांवर केला.
मी टाइप केलं. पुन्हा सुरू केलं.
खड्डा भरून आला.
पूर्वेच्या टोकाला वीतभर पायरी राहिली,
ती आबांनी माझ्या नावावर टाकली.

उड्डाण मी केलं.
वर गेल्यावर जॉयस्टिक त्यांच्या हातात दिली.
त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरली,
अंगठे पुढं, कोपरं अंगाशी,
ना डावीकडं झुकू दिली ना उजवीकडं.
उंचीचा काटा गोंदल्यासारखा थांबला.

आगाशिव मागं पडला. कोयना डाव्या पंखाखाली गेली.
समोर पाटणकडचे डोंगर दाटत चालले,
आता खरेखुरे, आता विमानाहून उंच.
आबा, वळवा, मी म्हटलं.

ते समोरच बघत होते.
"साहेबानं हात केल्याबिगर
हलायचं नसतं."