लाल सुतळीचा चहा

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, साखरेच्या गल्लीत,
पाठीवर पन्नास किलो घेऊन
मी म्हणालो, साखर सोडली.
गुमास्ता हसला. हसू दे.

मानेवर दाणे घामात विरघळतात,
ओघळ ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येतो.
तो टॉवेलनं टिपायचा, जिभेनं नाही.
हे रघुवीरनं शिकवलं.

चहावाल्या मुनीरनं वेगळी किटली आणली,
झाकणाला लाल सुतळी बांधून,
माझ्या एकट्यासाठी.
तिसऱ्या दिवशी मुकादम केंजळेही तोच चहा मागू लागला,
तोंड वाकडं करत, "पित्ताला बरा असतो" म्हणत.
आठवड्यात टोळीतले सहाही.
कुणी त्यावर काही बोललं नाही.
(सर्जेराव चोरून पेढा खातो. सगळ्यांना ठाऊक आहे.)

नवव्या रात्री कोपरखैरण्याच्या खोलीत
डबा उघडून उभा होतो, हातात चमचा.
फोन लावला.
रघुवीर झोपेतच म्हणाला,
"ठेव खाली. सुट्टी झाल्यावर आकडा ठेवतोस तसा."
ठेवला.

सकाळी एक पोतं फाटलं.
फरशीवर पांढरा ढीग.
आम्ही सातजण चार पावलं लांब उभे,
मुंग्या येईपर्यंत.
मग झाडू कुणी घ्यायचा
यावरून भांडलो.