एक, तीन, दोन

सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीला उचकी लागली
ती अशोक चौकापर्यंत थांबली नाही.
सत्त्याण्णवची मारुती आठशे, रंग एकेकाळी लाल,
आता गेल्या सालच्या मिरचीचा.
सेकंडमध्ये झटका, थर्डमध्ये झटका,
न्यूट्रलला उभी केली तर आरसा थरथरतो
आणि मागचा रिक्षावाला दोन-दोन दिसतो.

सत्तय्या बिंगींचं गॅरेज टॉवेलच्या कारखान्याला चिकटून.
पाटी नाही. दारात फुटका रेडिएटर, त्यात कोरफड.
बावीस वर्षं ते मागावर जॉबर होते;
मागानं पगार दिला, कान घेतले.
म्हणून इंजिन ते ऐकत नाहीत.
सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरतात,
तवा तापला का बघावं तसा, जवळ, लांब, जवळ.

"तिघातला एक कामावर नाय,"
ते ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे, प्रेमानं.
"कोण, ते हजेरी घेऊन बघू."

इलियासनं बोनेट उचललं, पकडीला जुनी ट्यूब गुंडाळली.
पहिली वायर उपटली: इंजिन लंगडलं, मरता मरता राहिलं.
परत लावली.
तिसरी उपटली: तेच, अख्खी गाडी गदगदली.
दुसरी उपटली.

काहीच झालं नाही.

"जो काढून फरक पडत नाय, तो बंद."
मागच्या महिन्यात मी आठ दिवस रजेवर होते.
परत गेले तर टेबलावर एक फाईल साचली नव्हती,
माझ्या चहाच्या कपात कुणीतरी पेनं उभी केली होती.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं.

प्लग निघाला: काळा, ओला, पेट्रोलनं घमघमणारा.
इलियासनं पॉलिश पेपरनं घासला, पत्ती घालून गॅप बघितला.
मला वाटलं, झालं. पर्स उघडली.
"आगु," सत्तय्या म्हणाले.
तेलुगूत थांबायला एवढंच पुरतं.
दोनचा प्लग तीनला, तीनचा दोनला.
तीन चालू. दोन तसाच गप्प.
"प्लगला शिव्या नको, मॅडम. त्याच्यापतूर काय आलंच नाय."

मग आम्ही अंधार पडायची वाट बघत बसलो.
मे महिना, वर पत्रा, खाली गरम ऑइलचा वास.
भिंतीपलीकडं माग चालूच, खटक खटक खटक,
त्यातला एकही चुकत नव्हता,
किंवा चुकलेला मला कळत नव्हता.

साडेसातला त्यांनी बल्ब घालवला.
इंजिन चालू, बोनेट उघडं,
आधी काहीच दिसेना,
मग दुसऱ्या वायरच्या बगलेतून
एक निळं सूत.
रबर भेगाळलं होतं तिथून निघून
टॅपेट कव्हरच्या लोखंडाकडं,
टिक, टिक, बारीक, सुंदर, फुकट.

तुटलेला धागा शोधायला जातं तसं
सत्तय्यांचं बोट आपोआप पुढं गेलं
आणि अर्ध्यावरून मागं आलं. हे सूत चावतं.
"माल निघत होता," ते म्हणाले,
आणि दिवसभरात पहिल्यांदा हळू म्हणाले,
"रस्त्यात गळत होता."

वायरींचा सेट इलियासनं सायकलवर जाऊन आणला.
("एकच बदलली की बाकीच्या रुसतात.")
किल्ली फिरवली.
त्यांनी माझं मनगट धरून तळवा धुरापुढं नेला.
"मोजा."
एक, तीन, दोन. एक, तीन, दोन.
घरी जाईपर्यंत तो हात मी स्टिअरिंगला लावला नाही नीट,
काळा होता म्हणून, असं म्हणू या.

सात रस्त्याला परत लाल.
आरसा गप्प, मागं रिक्षावाला एकच.
हिरवा झाला, क्लच सोडला,
आणि एक उचकी. बारीकशी. एकच.

कार्बोरेटर असेल.
सोमवारी रजा टाकते.